आप्पांची दुपारची झोप

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही. मुलींना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मठात डोकं टेकवताना मनातल्या मनातसुद्धा कधी उच्चारलं नाही. आता तुम्ही म्हणाल, असं काय मोठं केलं हिनं? तसं भयंकर काही नाही हो. कुणाचा जीव घेतला नाही, कुणाचं घर बुडवलं नाही. ऐकताना तुम्ही हसालही, मीही आठवून हसते. पण हसून झालं ना, की जरा वेळ कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

गेवराईत आमचं भांड्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. आप्पा म्हणजे माझे सासरे. पंचाहत्तरी ओलांडलेली, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, आणि आवाज असा की बोलले की फळीवरची ताटं वाजावीत. दुकान त्यांनी ह्यांच्या हवाली केलं होतं. सासूबाई गेल्या आणि त्यांच्यामागोमाग आप्पांची झोप गेली.

गेली म्हणजे पार गेली. रात्री दोनला उठायचे, थंड पाण्यानं अंघोळ, मग पूजा, घंटा. पूजा उरकली की एकेकाच्या दारावर थाप. "उठा रे, उजाडलं!"

"कुठं उजाडलं आप्पा? अडीच वाजलेत," हे आतून ओरडायचे.

"तुमच्या घड्याळात वाजले असतील!"

घरदार पेंगायला लागलं. मुली शाळेत बाकावर डोकं टेकवायच्या. ह्यांनी एकदा लग्नाच्या आहेरात पातेली एका मापाची आणि झाकण्या दुसऱ्याच मापाच्या बांधून दिल्या. आणि आप्पा? दुपारी एक ते चार, गुऱ्हाळ चालू असल्यासारखे घोरायचे.

बसस्टँडजवळ एका तरुण डॉक्टरनं नवा दवाखाना टाकला होता. इंजेक्शन देत नाही, नुसता बोलतो, म्हणून गावात त्याला फारशी किंमत नव्हती. त्यानं आप्पांचं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "आजोबा, तुमची झोप कुठं गेलेली नाही. तुम्ही ती दुपारीच संपवून टाकता." मग नियम सांगितले. दुपारी अजिबात आडवं व्हायचं नाही, चारनंतर चहा नाही, सकाळी उन्हात चालायचं. गोळी नाही.

"पैसे घेतले अन् वर चहाच बंद केला," आप्पा घरी येईस्तोवर कुरकुरत होते. "ह्यो कसला डाक्टर?"

आता दुपारी त्यांना जागं कोण ठेवणार? हे दुकानात, मुली शाळेत. राहिले मी.

खोटं कशाला बोलू, पहिला महिना मी अगदी मनापासून केलं. ज्वारी निवडायला त्यांना जोडीला घ्यायची. शेंगा फोडायला लावायची— निम्म्या तेच खायचे. निजामाच्या काळातल्या हैद्राबादच्या गोष्टी सांगायला लावायची. तिथून बैलगाडीत भांडी भरून आणल्याची गोष्ट मी वीसदा ऐकली असेन, आणि दर वेळी गाडीला एक बैल वाढायचा. पत्त्यांत भिकार-सावकार खेळायचो. आप्पा राजरोस लबाडी करायचे, एक्का धोतराच्या घोळात दडवायचे. डुलकी लागली की एक्का खाली पडायचा, आणि मी ओरडायचे, "आप्पा, सापडला!"

आणि गुण आला बरं का! महिन्याभरात आप्पा पहाटे साडेचारपर्यंत झोपायला लागले. घराला सण आल्यासारखं वाटायचं. गल्लीतल्या बायकांना आप्पा सांगायचे, "माझी झोप सुनेनं आणली परत." मी पदर सावरून लाजायचे.

मग आमच्या गल्लीत केबल आली.

तुम्हाला ते दिवस आठवतात का? गच्च्यागच्च्यांवरून काळी वायर फिरली, आणि एकच चॅनेल दिसणाऱ्या पेटीत एकदम पंधरा-वीस दिसायला लागले. दुपारी अडीच वाजता एक मालिका लागायची. नाव नको सांगायला. एक बाई होती, घरच्यांनी टाकलेली, एकटीनं कारखाना उभा करणारी. मी पस्तिशीची. लग्न झाल्यापासून दुपार काय असते हे मला ठाऊक नव्हतं— आणि आता रोज अर्धा तास कुणीतरी माझ्यासाठीच गोष्ट सांगत होतं.

पण टीव्ही मधल्या खोलीत, आणि आप्पाही मधल्या खोलीतच. ते गप्प बसतील तर शपथ! "ही बया कोण? हिला सासरा न्हाई का? कावून रडायली? आगं, कालच तर मेलता त्यो, आज कसा आला परत?" तो जुळा भाऊ आहे हे सांगेपर्यंत जाहिराती लागायच्या. बाईचा कारखाना जळाला तो प्रसंग माझा आख्खा गेला. आप्पांना विम्याची माहिती हवी होती.

आणि एके दिवशी— कसं सांगू? एके दिवशी अडीचच्या सुमाराला त्यांची मान कलली. पत्ते हातातून गळाले. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. उठून टीव्हीचा आवाज बारीक केला. इतकंच.

इतकंच असतं तर आज सांगायला बसले असते का? दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मानेखाली उशी सरकवली. तिसऱ्या दिवशी खिडकीचा पडदा ओढला. आठवड्याभरात दुपारच्या जेवणात भाकरी बंद करून दहीभात वाढायला लागले. आप्पांना म्हणाले, "उन्हाळा हाय, पोटाला गार." खरं कारण मला माहीत होतं. दहीभातावर माणूस दहा मिनिटांत आडवा होतो. अर्ध्या तासाची मालिका, तिच्यामागं दुसरी, दुसरीमागं तिसरी. चारला मुली यायच्या. पावणेचारला मी मोरीत एखादी घागर आपटायचे. आप्पा दचकून उठायचे, वर मलाच सांगायचे, "मी झोपलो न्हवतो. डोळे मिटून ऐकत होतो." आणि मी म्हणायचे, "हो ना आप्पा."

रात्रीची घंटा पुन्हा सुरू झाली. अडीचला दारावर थाप. हे बिचारे चक्रावले. जेवताना मला विचारलं, "दुपारी झोपत न्हाईत, चहा न्हाई, मग झोप कावून उडाली पुन्हा?"

तेव्हा मी काय बोलले ते सांगते. त्याआधी रंगनाथकाका कोण ते सांगायला हवं. तलवाड्याचे शेतकरी. दिवसाआड एसटीनं वांगी-मेथीची पाटी घेऊन गेवराईला यायचे. माल विकून झाला की साडेचारला आमच्या ओट्यावर, आप्पांशेजारी. चाळीस वर्षांची दोस्ती. एकमेकांना 'बे' शिवाय हाक नाही. आप्पांचा चहा बंद झाल्याचं कळलं त्या दिवशी मी काकांसाठी कप घेऊन गेले होते. त्यांनी तो हातानं सारला. "नगं सूनबाई. ह्यानं बघत बसायचं अन् म्या प्यायचं, व्हय? मला बी बंदच समजा." तेव्हापासून दोघं म्हातारे ताक प्यायचे. करून मीच द्यायचे. म्हणजे मला माहीत होतं. सगळ्यात जास्त मलाच माहीत होतं.

आणि तरी मी ह्यांना म्हणाले, "रंगनाथकाका येतात ना... कोपऱ्यावरच्या हाटेलात नेऊन पाजत असतील चहा. जुनी सवय."

जीभ कशी वळली? मला वाटलं होतं, हे 'बरं' म्हणतील आणि विसरतील. पण हे विसरले नाहीत. काका पुढच्या खेपेला आले तेव्हा आप्पा आत हातपाय धूत होते. ह्यांनी दुकानातून उठून काकांना अगदी हलक्या आवाजात सांगितलं, "काका, आप्पांना चहा नका पाजत जाऊ. रात्रभर जागतात." मी दारात उभी. काकांनी ह्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी उंबऱ्यावरची नसलेली धूळ पायानं सारत होते.

"चुकलं बाबा माझं," काका म्हणाले. "पुन्यांदा न्हाई व्हणार."

त्यांनी कबूल केलं! न केलेलं कबूल केलं. मला कळेना, का? रिकामी पाटी उचलून ते निघाले, आणि मग येईनासेच झाले. बाजारातून परस्पर स्टँडवर जायचे. आप्पा साडेचारला ओट्यावर बसायचे, सहाला उठायचे. ह्यांनी त्यांना सांगितलं होतं की काकांनी कबुली दिली. आप्पा भडकले, "लबाड बोलला! त्यानं मला थेंब पाजला न्हाई. याला यायचंच नसंल, म्हणून निमित्त काढलं." आणि तेही हट्टाला पेटले.

मी काय केलं? दहीभात वाढला.

शेवटी हे आप्पांना पुन्हा डॉक्टरकडं घेऊन गेले, मलाही नेलं. डॉक्टरांनी आप्पांना बाहेर बसवून मला विचारलं, "ताई, दुपारी खरंच झोपत नाहीत?" मी म्हणाले, "न्हाई. डोळ्याला डोळा लागू देत न्हाई मी." किती ठणठणीत बोलले म्हणून सांगू! त्यांनी माझ्याकडं बघितलं, नाइलाजानं मान हलवली आणि झोपेची गोळी लिहून दिली. अर्धीच.

त्या अर्ध्या गोळीनं आप्पांना सकाळी गुंगी राहायची. आठव्या दिवशी फिरायला निघाले आणि ओट्याच्या पायरीवरून कोसळले. उजवं मनगट मोडलं. डोकं आपटलं असतं तर? पायरीची कड टोपीपासून वीतभर लांब होती. मी डोळ्यांनी बघितली आहे.

हात गळ्यात बांधून आप्पा घरी आले आणि मला म्हणाले, "आता पत्ते कसे पिसायचे गं?" रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दुपारी मी भाकरी वाढली. अडीचला टीव्ही लावला नाही. त्या बाईच्या कारखान्याचं पुढं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही. पत्ते मी पिसायचे, आप्पा डाव्या हातानं खेळायचे, आणि डाव्या हातानंही लबाडी करायचे. गोळी डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केली होती. प्लास्टर निघायच्या आत आप्पा पहाटेपर्यंत झोपायला लागले.

हे म्हणाले, "बघ. काकांचा चहा सुटला तसा फरक पडला."

पुढचं सांगते. एक दिवस आप्पा सकाळी फिरायला गेले ते दुपारपर्यंत आलेच नाहीत. आम्ही अख्खं गाव पालथं घातलं. चारला स्टँडकडून एक काळी-पिवळी जीप आली. तिच्या मागच्या फळीवर प्लास्टरचा हात सांभाळत आप्पा, आणि त्यांच्या दंडाला धरून रंगनाथकाका. तलवाड्याला जाऊन काकांना गचांडी धरून आणलं होतं आप्पांनी! गल्ली हसत होती. हेही हसले, काकांच्या पाया पडले. मी ताक करायला आत गेले.

ताकाचे पेले घेऊन दाराशी आले तर बाहेर बोलणं चाललं होतं.

"मग कबूल कावून झालास बे?"

"मला वाटलं, तूच चोरून पितोस हाटेलात. म्हणलं, पोराच्या तोंडची बोलणी म्हाताऱ्याला कशाला? घेतलं माझ्यावर."

"म्या? म्या कवा प्यालो?"

"तू बी न्हाई, म्या बी न्हाई. मग झोप कशानं गेलती?"

मी दाराआड. दोन पावलं होती फक्त. आप्पा रागावणारे नव्हते, काका तर नव्हतेच. तिथंच सांगितलं असतं तर दोघं खो-खो हसले असते, आणि आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं. मला हे तेव्हाही कळत होतं. तरी पाय उचलला नाही.

"म्हातारपण, दुसरं काय," आप्पाच शेवटी म्हणाले. मग मी पदर सावरून बाहेर गेले आणि ताक दिलं. काका म्हणाले, "सूनबाईच्या हाताला चव हाय."

त्यानंतर आठ वर्षं काका दिवसाआड येत राहिले. दोघंही आता नाहीत. तो चहा कुणी प्यायला याचा वाद त्यांनी शेवटपर्यंत मिटवला नाही. प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्यानंच चोरून प्यायला असणार, आणि प्रत्येकानं दुसऱ्याला माफ केलेलं होतं.

हे आता सत्तरीला आलेत. झोप तुटक झालीय. चारनंतर चहाला हात लावत नाहीत, आल्यागेल्याला आप्पांची गोष्ट सांगतात— संध्याकाळच्या चहानं म्हाताऱ्याचा हात मोडला ती. सांगून झालं की माझ्याकडं वळतात, "काय गं, खरं ना?"

मी मान हलवते. काल संध्याकाळीही हलवली.