पोर्टलमधलं दुसरं नाव

शुभाच्या पोटात दुखायला लागलं ते पेढ्यांवरून, आणि तिने तर एकही पेढा खाल्ला नव्हता.

मे महिन्यातला शनिवार. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या दहा-बारा मराठी घरांचं दर महिन्याला पॉटलक, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचं जेवण असतं, ते या वेळी पद्मजाकडे होतं. जेवणं झाली आणि पद्मजा आतून पेढ्यांचं तबक घेऊन आली. पेढे कसले ते आपणहून सांगेल तर ती पद्मजा कसली. तीन-चार जणींनी विचारल्यावर म्हणाली, "अगं, विशेष काही नाही. ऋषीला टेक्ससच्या मोठ्या युनिव्हर्सिटीने बोलावलंय टेनिससाठी. फुल स्कॉलरशिप, आणि वर वर्षाला चाळीस हजार डॉलर हातात. आम्ही आपलं म्हटलं, बघ बाबा, तुझं तू ठरव."

तबक शुभापुढे आलं. "डाएट चाललंय," असं म्हणून तिने ते पुढे सरकवलं. पाचच मिनिटांपूर्वी तिने श्रीखंडाची दुसरी वाटी संपवली होती, आणि पद्मजानेच ती वाढली होती.

आता शुभाचं असं होतं, की या पेढ्यांत काय काळंबेरं आहे हे त्या अख्ख्या घरात फक्त तिला ठाऊक होतं. नागपूरची शुभा, नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली, नऊ वर्षं घरी बसली, आणि ग्रीन कार्ड हातात पडल्यावर पाऊण तासावरच्या एका छोट्या कॉलेजात कारकुनीला लागली. खेळांचं ऑफिस. नियम सांभाळायचे, फॉर्म भरायचे. पुढे, सहा वर्षांपूर्वी, साहेबीणबाई सोडून गेल्या आणि ऑफिसात शुभा एकटीच उरली. कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूने तिला ईमेल पाठवायचा, आणि दोन कामाच्या दिवसांच्या आत तिने त्याचं नाव पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या ऑनलाइन यादीत, टाकायचं. नाव पडलं की देशभरातल्या कोचांना ते दिसतं. त्याआधी कुणी खेळाडूशी बोलायचंसुद्धा नाही, असा नियम आहे. ऋषी याच कॉलेजचा. त्याचा ईमेल अजून आलाही नव्हता, नाव कुठे पडलं नव्हतं, आणि इथे पेढे वाटून झाले होते.

तक्रार करायची म्हटली असती तर सोमवारी सकाळी एक फोन पुरला असता. गाडीत बसल्यावर शुभाच्या मनात ते येऊनही गेलं. राजेशला, म्हणजे नवऱ्याला, तिने तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "काहीतरीच काय? त्या पोराला तू मांडीवर खेळवलंयस."

खेळवलं होतंच की. तेच तर दुखणं होतं. ऋषी आणि तिचा ईशान एका महिन्याच्या अंतराने जन्मलेले, एकाच बालवाडीतले, एकाच कोर्टावर रॅकेट धरायला शिकलेले. आणि पहिल्या दिवसापासून ऋषी पुढे, ईशान मागे. स्पेलिंगच्या स्पर्धेत ऋषी स्टेटला, ईशान शाळेतच. गणेशोत्सवाच्या नाटकात ऋषी राजा आणि ईशान दुसरा पहारेकरी. दोघं या कॉलेजात आले तेव्हाही ऋषीला टेनिसची स्कॉलरशिप मिळाली, आणि ईशानला काय, तर आई तिथे नोकरीला म्हणून फीमाफी. पद्मजा चारचौघांत म्हणायची, "बरं झालं बाई, तुझ्यामुळे त्याचं सोपं झालं." ते "सोपं झालं" शुभाच्या घशात दोन वर्षं अडकून बसलं होतं.

ईशान वाईट खेळायचा नाही हं. टीममध्ये तिसऱ्या नंबरवर होता. हरला तरी नेटपाशी जाऊन समोरच्याशी हसत गप्पा मारायचा, आणि आईचा तिळपापड व्हायचा. जिंकायची आग नाही कार्ट्यात, ती म्हणायची. आग सगळी तिच्याच वाट्याला आली होती.

सोमवारी ऋषीचा ईमेल आला. मागोमाग तो स्वतःही आला, दारातच उभा राहून म्हणाला, "शुभामावशी, तुला आधी सांगायचं होतं. आईने घाई केली. सॉरी."

कुणी पोर्टलचं विचारायला आलं की शुभाची एक पद्धत ठरलेली होती. केटलमध्ये आल्याचा चहा करायचा, पोराला समोर बसवायचं आणि तास दीड तास समजावायचं. पोर्टलमध्ये जाणारे सगळेच कुठे लागत नाहीत. कित्येक जण नुसते लटकून राहतात. आणि एकदा नाव टाकलं की आपल्या कॉलेजवर तुझी जागा राखून ठेवायचं बंधन नाही, कोच त्याच दिवशी दुसरा मुलगा घेऊ शकतो. चोवीस तास थांब, आईबापांशी बोल, मग मला सांग. सहा वर्षांत पाच जणांना तरी तिने असं माघारी वळवलं होतं. त्यातला एक अजून नाताळला कार्ड पाठवतो.

ऋषीला तिने चहा दिला नाही. "बघते," एवढंच म्हणाली. आणि नाव टाकलं ते मंगळवारी पाच वाजायला दहा मिनिटं असताना. नियमात बसत होतं, म्हणून कुणी बोट दाखवू शकणार नव्हतं. पण दोन दिवस पद्मजाचा जीव टांगणीला लागला, चार मेसेज येऊन पडले, आणि शुभाने ते उघडून न बघता नुसते राहू दिले. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

बरं फार टिकलं नाही. बुधवारी टेनिसचे कोच हॅल्वरसन ऑफिसात येऊन बसले. साठीचा माणूस, बोलायला हळू. सहा वर्षांत हा त्यांचा चौथा नंबर एकचा खेळाडू गेला होता. म्हणाले, "आम्ही पोरं वाढवायची आणि मोठ्या कॉलेजांनी विकत न्यायची. पुढच्या वर्षी पहिल्या दोन टीममध्ये आलो नाही, तर वरचे लोक टीमच बंद करायच्या गोष्टी करताहेत. आता कोवळी पोरं घेऊन शिकवायला वेळ नाही शुभा, तयार पोरंच उचलावी लागणार." शुभाने मान डोलावली. कोचचं दुःख तिला कळत होतं, पण कानात मात्र चाळीस हजार डॉलर वाजत होते.

आणि मग ती ईशानच्या मागे लागली.

शुक्रवारी तो हॉस्टेलवरून घरी आला. भाकरी आणि पिठलं, त्याच्या आवडीचं, मुद्दाम केलं होतं. त्याचं जेवण होईपर्यंतही तिला दम निघाला नाही. "तूही नाव टाक पोर्टलमध्ये."

"मी? व्हाय?"

"का म्हणजे काय? ऋषीला सोनं लागलंय का? दोघं एकाच कोर्टावर वाढलात. त्याला टेक्सस बोलावतं तर तुला निदान आयोवा बोलावेल."

राजेश म्हणाला, "अगं, तूच ना सगळ्यांना सांगत फिरतेस की उडी मारायच्या आधी..."

"लोकांच्या पोरांचं वेगळं," शुभा म्हणाली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

ईशानने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "आई, तुला खरंच हे हवंय?"

"ऋषीपेक्षा तू कमी नाहीस हे एकदा दिसू दे सगळ्यांना. मला दुसरं काही नको."

"ओके," तो म्हणाला.

सोमवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी त्याचा ईमेल आला आणि सव्वानऊला नाव पोर्टलमध्ये पडलं. चहा नाही, चोवीस तास नाहीत, कोचना एक शब्द नाही. सहा वर्षांत इतक्या झटपट तिने कुणाचंच काम केलं नव्हतं. ऋषीच्या नावाखाली ईशानचं नाव, दोन्ही तिच्याच हातांनी टाकलेली. तिने पडद्याचा फोटोसुद्धा काढून ठेवला. पुढच्या पॉटलकला काय बोलायचं तेही तिने ठरवून टाकलं: विशेष काही नाही गं, दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत.

पहिला आठवडा ती दर तासाला फोन बघायची. दुसऱ्या आठवड्यात ईशानला विचारायची, आला का कुणाचा? जूनमध्ये नॉर्थ डकोटाच्या एका कॉलेजचा फोन आला. त्यांची टीम नव्यानेच सुरू होत होती, कोर्ट अजून बांधायचं होतं, आणि फी पूर्ण भरायची होती. बाकी कुणी ढुंकूनही बघितलं नाही. शुभाला हे आकडे तोंडपाठ होते. दरवर्षी तीच ते पोरांना चहा पाजून ऐकवायची. तरी तिला वाटत राहिलं, आपल्या पोराचं वेगळं होईल.

पॉटलकला ती त्या महिन्यात गेलीच नाही. बरं नाही म्हणून कळवलं. पद्मजाने फोटो पाठवला: ऋषी टेक्ससच्या नारिंगी टीशर्टमध्ये, मागे केवढं तरी स्टेडियम. खाली लिहिलं होतं, "ईशानची आठवण काढतो रोज." शुभाने अंगठा पाठवला आणि फोन उशीखाली घातला.

जुलैच्या मध्याला अहंकार गिळून ती हॅल्वरसनकडे गेली. म्हणाली, "कोच, ईशान परत येतोय. पोर्टलमधून नाव काढून घेते."

कोच तिच्याकडे वळून म्हणाले, "काढ ना. पण जागा नाही गं. ऋषी गेला, आठवड्यात ईशान गेला, मी घाबरलो. दोन मुलं घेतली, एक चोवीस वर्षांचा आहे, तिसरं कॉलेज त्याचं. सह्या झाल्या. त्यांचे कागद तूच तर पाठवलेस." हे खरंच होतं. कागद तिनेच पाठवले होते, जूनमध्ये, कुणाच्या जागेवर येताहेत हे स्वतःला विचारायचं टाळून.

"एखादी जादा जागा, नुसती सरावाला?"

"बजेट कापलंय. आठ खेळाडूंच्या वर एकही नाही. एक विचारू? त्याला झालं काय? ऋषी जाणार हे कळलं तेव्हाच मी ठरवलं होतं. कॅप्टन ईशान. खेळ सोड, पोरं त्याचं ऐकतात. तो हरला तरी टीम हसत घरी येते. असा मुलगा मला वीस वर्षांत दोनदा मिळाला. ही टीम वाचली असती तर त्याच्यामुळे."

शुभा गाडीत येऊन बसली. तेलही गेलं, तूपही गेलं, अशी गत झाली होती, आणि घालवणारी दुसरी कुणी नव्हती.

घरी ईशान गॅरेजमध्ये सायकलची साखळी पुसत होता. कॉलेज तेच राहणार होतं, फीमाफीही तीच. फक्त दुपारी चार वाजता बाकीचे कोर्टावर जातील तेव्हा त्याने काय करायचं, हे कुणाला माहीत नव्हतं. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. "अरे, कोच तुला कॅप्टन करणार होते."

"आय नो."

"तुला माहीत होतं?"

"ऋषीचं कळलं त्याच आठवड्यात त्यांनी व्हॅनमध्ये सांगितलं होतं. शेवटच्या मॅचनंतर, परत येताना." तो साखळीवरून फडकं फिरवतच राहिला. "मला आवडलं होतं. मी घरी येऊन सांगणारच होतो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, निदान तिला उलट बोलता आलं असतं.

"तू म्हणालीस ना, ऋषीपेक्षा कमी नाही हे दिसू दे," तो म्हणाला. "मला वाटलं, छोट्या कॉलेजचा कॅप्टन... दॅट वोन्ट बी इनफ फॉर यू, आई."

नाही रे बाळा, मला खूप आनंद झाला असता, असं म्हणायला हवं होतं. ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं. शुभाने त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि खाली बसून साखळी पुसायला लागली. आणि खरं सांगायचं तर, तिथे पोराच्या शेजारी तेलाने हात काळे करतानाही तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की यातलं काही पद्मजाला कळता कामा नये.