सरजाआजीची राखण

कोंबड्या पाळणाऱ्या गल्लीत घारीच्या गोष्टी आपोआप साठतात. चहाला दोघं बसले की एक निघते, तिसरा येईतो चार होतात. सिहोऱ्याकडच्या आमच्या गल्लीत त्या सगळ्या सरजाआजीपाशी येऊन थांबतात. सगळे भाताच्या रोवणीला गेले, की संध्याकाळी टोपल्यांखाली डालेपर्यंत गल्लीभरच्या कोंबड्यांवर राखण तिचीच.

*

आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा मी विचारलं, "आजी, घार दिसते का?"

"घार पाहाले कायले लागते? कोंबडी सांगते ना!"

खरंच. घार आली की कोंबडी लांब, घोगरा सूर काढते. तो ऐकला की आजी खाटेवरूनच ओरडायची, "घाऽऽर! लपाऽऽ!" अन् सगळी पिल्लं बैलगाडीखाली!

*

शेजारच्या देवकाबाईनं अंगणात बांबूंना दोरी बांधून जुन्या सीडी टांगल्या. चकाकीला घार बिचकते म्हणे. बिचकलीही. पण एका सकाळी त्या दोरीच्या बांबूवर घारीसारखाच पिल्लं पळवणारा शिक्रा आरामात पंख साफ करत बसलेला!

"त्याले आरसा लावून देल्ला व तू," आजी म्हणाली. "आता कंगवा बी ठेव."

*

आजीचा मुलगा प्रभाकर नागपूरला असतो. तो न्यायला आला की आजीचं एकच, "कोंबड्याईले कोन पाहीन?" गावात राहायला तिच्याकडे तेवढंच कारण होतं.

यंदा तो नायलॉनची जाळी घेऊनच आला. अंगण झाकलं. "झालं ना, माय? आता चाल."

आजी जाळीवरून नुसता हात फिरवत राहिली.

दुसऱ्या सकाळी जाळीत शिक्रा अडकला. प्रभाकर काठी घेऊन धावला.

"मारू नोको! थो बी पोटासाठीच आला."

आजीनं पदर टाकून त्याला धरलं, देवकाबाईनं जाळी कापली. शिक्रा उडाला, पण आजीचं मनगट ओरबाडून गेला.

"पाहिलं? दिसत नाही तुले," प्रभाकर म्हणाला.

ऑपरेशनसाठी आजी नागपूरला गेली. जाळीला भगदाड राहिलं.

*

मागं आम्ही राखणीच्या पाळ्या लावल्या. पहिली माझी. मी आभाळावरची नजर काढली नाही. शिक्रा घरामागून, जमिनीलगत आला आणि पिल्लू घेऊन गेला.

देवकाबाई एवढंच म्हणाली, "तुमाले तं दिसते ना?"

*

ऑपरेशन चांगलं झालं. पण प्रभाकरनं कळवलं, माय आता इथंच राहील.

परवा दुपारी देवकाबाईनं फोन लावला आणि स्पीकर सुरू करून मोबाइल आजीच्या रिकाम्या खाटेवर ठेवला.

"आता दिसते का, आजी?" मी विचारलं.

"दिसते ना. समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसते."

आम्ही हसलो. मग भाताचं, पाण्याचं बोलणं निघालं. अंगणात कोंबडीनं सूर काढला तो आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आला नाही.

मोबाइल कडाडला, "घाऽऽर! लपाऽऽ!"

पिल्लं गाडीखाली! भगदाडावरून घारीची सावली सरकली आणि निघून गेली.

आजीनं मोबाइलमधून विचारलं,

"गेली का व?"

"गेली, आजी."

"पिल्लं?"

"हायेत सारी."

पलीकडून प्रभाकरचा आवाज आला, "माय, कोनावर वरडून राहिली?"

आजी आम्हाला म्हणाली, "फोन ठेवू नोका. कोंबड्या डालाले अजून टाइम हाये."