एस्तेरने न दिलेल्या वह्या

एस्तेर पाटोळे गेली हे मला चर्चच्या चिटणिसांकडून कळलं. हॉस्पिटलच्या ऑफिसात फोन आला. "पाटोळेबाई प्रभूकडे गेल्या," ते म्हणाले आणि त्याच दमात पुढे, "तुम्ही दोघी सोबत शिकल्या, तर दफनाच्या वेळी चार शब्द तुम्हीच बोलाल ना?" मी बोलले नाही. बोलले असते तर कबरीपाशी तमाशा झाला असता. पाळकसाहेब बोलले. ते नवे आहेत, त्यांचा काही दोष नाही, कोणीतरी चिठ्ठीवर लिहून दिलं ते त्यांनी वाचलं, "आपल्या मंडळीच्या पहिल्या समुपदेशक भगिनी." ज्या मंडळीने तिला समुपदेशक होऊ दिलं नाही तीच मंडळी माना डोलावत होती. एस्तेरची भाची मंदा शेजारी होती, तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्याला आता सात आठवडे झाले. राग उतरायचं नाव घेत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

समुपदेशन हा शब्द तेव्हा नागपुरात कोणाच्या तोंडी नव्हता. बांगलादेशचं युद्ध नुकतंच संपलं होतं. मिशनच्या एका कॉलेजात ख्रिस्ती समुपदेशनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. आम्ही अकरा विद्यार्थी होतो, त्यात नऊ पाळक किंवा होऊ घातलेले पाळक आणि दोघी बाया. मी बी.ए. होऊन सरळ आलेली. एस्तेर माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, मिशन हॉस्पिटलात नर्स. ड्युटी सांभाळून बाहेरून बी.ए. झाली होती आणि दोन वर्षांची रजा काढून आली होती, कारण हॉस्पिटलात समुपदेशकाची जागा निघायची होती आणि ती या प्रमाणपत्रावरच मिळणार होती. पहिल्याच दिवशी एक पाळकबुवा तिला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही इंजेक्शन द्या, उपदेश आम्ही देतो." एस्तेर शांतपणे म्हणाली, "उपदेशच द्यायचा असता, तर इथं काहून आली असती मी?" त्यानंतर तिच्या वाटेला कोणी फारसं गेलं नाही.

आमचे सर परदेशात शिकून आलेले. त्यांची पद्धत अशी की दुपारी वॉर्डात जायचं, रोग्याशी बोलायचं, पण सोबत कागद-पेन न्यायचं नाही. परत येऊन आठवून लिहायचं. पानाच्या मधोमध रेघ ओढायची, डावीकडे आपण काय बोललो ते, उजवीकडे समोरचं माणूस काय बोललं ते. शब्दन् शब्द. नाव तेवढं बदलायचं. मग गुरुवारी ते सगळ्यांसमोर वाचायचं आणि सर त्याची चिरफाड करायचे. माझ्या पहिल्या पानावर एक पाय कापलेली बाई "मले घरी जायचं हाय" एवढंच म्हणत होती आणि मी तिला बायबलमधली एकामागून एक तीन वचनं ऐकवली होती. सरांनी विचारलं, "तिने वचन मागितलं होतं का?" मी वर्गातच रडले. परतताना एस्तेर सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत आली. "रडू नको वं शालू. तू घाबरली होती म्हणून बोलत राहिली. घाबरलं की मी बी लय बोलते." ती घाबरलेली मी कधी पाहिली नाही. माझ्यासाठीच ते बोलली असणार...

शेवटचे सहा महिने गुरुवारचं वाचन बंद, एखाद्या चर्चच्या मंडळीत काम करायचं आणि तिथल्या कमिटीचं शिफारसपत्र आणायचं, असा नियम होता. पत्र नाही तर प्रमाणपत्र नाही. आम्हा दोघींना एकच मंडळी मिळाली. साठेक घरं. चर्चमागच्या खोलीत रविवारच्या शाळेच्या सतरंज्या ठेवायचे, तिथे आम्ही आठवड्यातून दोन संध्याकाळी बसायचो. पहिला महिना कोणी फिरकलं नाही. मग बाया यायला लागल्या. कोणी स्वेटरचा नमुना विचारायला, कोणी नुसतंच "दिवा दिसला म्हणून" आणि आत आल्यावर दार लोटून घ्यायच्या.

माझ्याकडे एक बाई यायच्या. त्यांचं नाव मी आजही लिहिणार नाही. काय बोलायच्या तेही लिहिणार नाही. एवढंच सांगते की श्रद्धावान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने ज्या गोष्टी चर्चच्या चार भिंतींत कधी उच्चारू नयेत, त्या त्यांनी माझ्यापाशी उच्चारल्या होत्या. मी घरी जाऊन सगळं लिहिलं. शिकवलं होतं तसं, शब्दन् शब्द. नाव बदललं आणि हुशारी केली असं वाटलं. पण त्यांची नोकरी, त्या कुठून बदलून आल्या ते गाव, त्यांच्या घरात घडलेलं दुःख, सगळं जसंच्या तसं. साठ घरांच्या मंडळीत नाव बदलून काय होतं? माझं चोवीस वर्षांचं डोकं तिथवर पोचलं नाही, आणि खरं म्हणजे ते सरांनीही कधी शिकवलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात कमिटीने आम्हाला बोलावलं. पाच पुरुष, समोर चहा. "बंद दाराआड आमच्या बायका काय बोलून राहिल्या, हे आमाले समजाले पाहिजे का नाही?" एक जण म्हणाले. चिटणीस म्हणाले, "वह्या दाखवा. नावं तर बदलली आहेत ना, मग अडचण काय?" मी आज्ञाधारक मुलगी. पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.

एस्तेर म्हणाली, "वही माझी आहे. त्यातल्या गोष्टी माझ्या नाहीत. मले देता येत नाही."

"शिफारसपत्र पाहिजे ना, सिस्टर?"

"पाहिजे," ती म्हणाली आणि चहाचा कप न उचलता बसून राहिली.

त्या पाचांतला एक त्या बाईंचा दीर होता. त्याला ओळखायला दोन पानं पुरली. पुढच्या रविवारी भर उपासनेत त्याने उठून प्रार्थना केली. त्यांचं नाव घेऊन. "आमच्या या भगिनीचा हरवलेला विश्वास तिला परत दे," अशी सुरुवात, आणि पुढे माझ्या वहीच्या उजव्या बाजूची वाक्यं, एकामागून एक, प्रभूला सांगितल्यासारखी. मंडळी डोळे मिटून ऐकत होती. काही बाया तर हुंदकेही देत होत्या. लोकांना वाटत होतं की आपण दया करतो आहोत. त्या बाई पदर मुठीत धरून बसल्या होत्या, नवरा छताकडे पाहत होता. मी चौथ्या बाकावर. मी गीतपुस्तक उघडून त्यात तोंड घातलं, हेही इथे लिहून ठेवते. एस्तेर उठली. प्रार्थना चालू असताना, चपलांचा आवाज करत, सरळ त्यांच्यापाशी गेली. "चला बाई, घरी जाऊ." हात धरून तिने त्यांना बाहेर नेलं. आमेनची वाट पाहिली नाही.

त्या बाईंनी बदली मागून घेतली आणि गेल्या. एस्तेरविषयी कमिटीने कॉलेजला लिहिलं, "उपासनेत व्यत्यय, कमिटीशी असहकार." माझ्याविषयी लिहिलं, "नम्र व होतकरू." सरांनी तिच्यासाठी दोन पत्रं पाठवली, मग तेही नियमावर बोट ठेवून गप्प बसले. हॉस्पिटलातली जागा मला मिळाली. टेबल, दोन खुर्च्या, दारावर नावाची पाटी. एस्तेर पांढरी साडी नेसून दुसऱ्या मजल्यावर वॉर्डात परत गेली. पुढची सोळा वर्षं माझ्याच्याने न निभणारी माणसं मी तिची ड्युटी संपायच्या वेळी वर पाठवत राहिले, एकदा स्वतःही गेले. पगार माझा, काम तिचं. तिने एकदाही ते बोलून दाखवलं नाही, आणि त्याचा मला तेव्हा राग यायचा. चार शब्द सुनावले असते तर मला जरा बरं वाटलं असतं.

मागच्या पंधरवड्यात चिटणीस घरी आले. म्हातारे झालेत, पण तेच. चर्चच्या वर्धापनदिनाचं प्रदर्शन आहे, त्यात एस्तेरचा फोटो, तिचा नर्सचा बिल्ला आणि तिच्या वह्या मांडायच्या, वर तिला मरणोत्तर मानपत्र द्यायचं. "भाचीकडून वह्या तेवढ्या मिळवून द्या. आता कोणाची काय हरकत? जुने लोक गेले सारे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, जिवंतपणी दिल्या नाहीत त्या मेल्यावर मागायला लाज वाटत नाही? ते जराही हलले नाहीत. "मॅडम, तुमची वही तर आमच्या कपाटात हायच. ते बी मांडणार आहो."

सोळा वर्षं ती वही तिथे होती आणि मी कधी परत मागितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये गेले. कपाट उघडेपर्यंत दारात उभी राहिले, वही घेतली आणि तिथेच त्यांच्यासमोर पान न् पान फाडलं. चिटणीस म्हणत होते, "अहो, हा मंडळीचा इतिहास आहे." म्हटलं, म्हणूनच.

तिथून तशीच मंदाकडे गेले. एस्तेरच्या वह्या दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नयेत, एवढंच डोक्यात होतं. मंदाने एस्तेरच्या इतवारीतल्या खोलीतून आणलेली पत्र्याची ट्रंक ओढली. नऊ वह्या निघाल्या. मी उघडणार नव्हते. मंदा म्हणाली, "आत्याच म्हणे, शालूमावशीनं पाह्यलं तर चालते."

पहिली उघडली, ती त्या सहा महिन्यांची. मधोमध रेघ. डावीकडे तिचं अक्षर. "बसा." "सावकाश." "मग तुम्ही काय केलं?" "रडा, मी आहे इथं." उजवी बाजू कोरी. पुढचं पान तसंच, त्यापुढचंही. आपण काय बोललो तेवढं लिहिलं होतं, समोरच्याचं एक अक्षर नाही. याच वहीसाठी कमिटीने तिचं प्रमाणपत्र अडवलं. टेबलावर टाकली असती तर त्यांच्या हाती काही लागलं नसतं आणि पत्र मिळालं असतं. टाकली नाही. आणि मला तिचा भयंकर राग आला. सोळा वर्षं बेडपॅन उचललेस, एस्तेर, पण अर्ध्या कोऱ्या पानांची वही दाखवली नाहीस. मागणाऱ्यांना मागायचा हक्कच नाही, एवढ्यासाठी... मी रडत होते आणि मंदा पाणी आणायला गेली होती.

बाकीच्याही तशाच. सहाव्या वहीत एक पान आहे. डावीकडे, "आधी चहा घे." खाली, "तू तेव्हा चोवीस वर्षांची होती वं." त्याखाली, "मी रागावली होती. आता नाही." आणि शेवटी, "उद्या बी ये." उजवी बाजू कोरी.

मंदा पाणी घेऊन आली, खांद्यावरून वाकून तिने ते पान वाचलं. "हे कोणाशी बोलून राहिली होती आत्या?"

मी वही मिटली. म्हटलं, "ते विचारायचं नसतं, मंदा."