वडनेरची ओळ

रोशनी थूल नेमकं काय काम करते, हे आमच्या पुलगावच्या वस्तीत कुणालाच धड सांगता येत नाही. तिचा बाप दारूगोळा डेपोत मजूर, आई अंगणवाडीत, हे सगळ्यांना कळतं. रोशनी मात्र आठवड्यातून दोनदा नागपूरच्या कंपनीत जाते आणि बाकीचे दिवस घरीच लॅपटॉप उघडून बसते. पोरगी कॉल सेंटरमध्ये आहे असं कुणी म्हटलं की ती चिडते. ती फोन उचलत नाही, फोन कुणाकडं जायचा ते ठरवते.

एकदा तिनं मला समजावून सांगितलं. दवाखान्याला फोन लावला की 'अमक्यासाठी एक दाबा' म्हणणारी बाई असते, तिच्यामागं फोनचा एक रस्ता बांधलेला असतो. तो बदलायचा म्हणजे इंजिनिअर लोकांचं काम. पण त्या रस्त्यात एक तक्ता ठेवता येतो. डाव्या रकान्यात गाव, उजवीकडं त्या गावचा माणूस, त्याचा नंबर. फोन आला की मशीन तक्त्यात बघतं आणि तिकडं पाठवतं. तक्त्यातली ओळ ज्याला परवानगी आहे तो कधीही बदलू शकतो. रस्ता खोदायचा नाही, नुसती पाटी बदलायची.

आवाज मोठा, चाल झपाझप आणि 'होईल ना, काका' हे तोंडात कायम, अशी ही पोरगी. काम ऐकायच्या आधीच होईल म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. मी विहाराच्या कमिटीचा सचिव. आयुष्यभर भोंग्यावरून माणसं गोळा केली आहेत.

मागच्या दसऱ्याला तिनं कंपनीच्या मालकाकडून एका दिवसासाठी हे सगळं मागून आणलं. अशोक विजयादशमीला जिल्ह्यातून गावोगावच्या गाड्या दीक्षाभूमीवर जातात आणि दरवर्षी कुणी ना कुणी गर्दीत चुकतं. रोशनीनं प्रत्येक गावच्या गाडीसाठी एक ओळ केली. गाव, गाडीच्या प्रमुखाचा मोबाईल आणि गाडी उभी असल्याची जागा. जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर निळी रिबीन, त्यावर एकच नंबर. चुकलेल्यानं कुणाचाही फोन मागायचा, नंबर लावायचा, मशीननं विचारलं की आपलं गाव सांगायचं. फोन थेट आपल्या गाडीच्या प्रमुखाला.

तक्ता एकदा पक्का कर आणि मग कुणाला हात लावू देऊ नको, असं मी तिला बजावलं. ती हसली.

"काका, बदलता येते म्हणूनच तर तक्ता हाय. नाईतर दगडावर कोरला असता."

त्या दिवशी ती विहारात लॅपटॉप घेऊन बसली. रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांना जेवण द्यायचं म्हणून मीही पुलगावातच थांबलो होतो. माझी बायको आणि माय आमच्या गाडीनं पुढं गेल्या होत्या. माय म्हणजे तानाबाई. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, फोन वापरत नाही. दुपारपर्यंत तक्ता उत्तम चालला. पोलिसांनी देवळीची गाडी दुसऱ्या मैदानात हलवली, तर रोशनीनं हातातला चहा खाली न ठेवता जागा बदलली. सेलूचा एक गडी चुकला होता, तो लगेच सापडला.

दुपार कलल्यावर बायकोचा फोन आला. पुस्तकांच्या दुकानांपाशी मायचा हात सुटला होता. किती वेळ झाला, कुठं कुठं शोधलं, हे ती रडत सांगत होती. मायला शुगर आहे, सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि अंधार पडायच्या आत गाडी निघणार होती. मला भीती वाटली आणि भीती वाटली की मी ओरडतो. मी रोशनीवर ओरडलो. एवढी रिबीन लावली आहे, मग तुझ्या मशीनवर माझ्या मायचा फोन का येत नाही?

तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. पुलगावच्या नावानं एकही फोन आलेला नव्हता. तेवढ्यात वडनेरच्या गाडीचा प्रमुख धीरज, त्याचा रोशनीला फोन आला. कोणी म्हातारी वेगवेगळ्या नंबरांवरून त्याला फोन लावत होती. नाव गर्दीत ऐकू येत नव्हतं, पण आवाज त्यांच्या गाडीतल्या कुणाचा नव्हता. आणि त्याच्या फोनची बॅटरी संपत आली होती, वडनेरच्या ओळीत दुसऱ्या कुणाचा नंबर टाक, असं तो म्हणत होता.

रोशनीनं म्हातारीचे ते नंबर परत लावून पाहिले. फोन देणारी माणसं केव्हाच पुढं निघून गेली होती. मग ती माझ्याकडं वळली.

"काका, आजीचं माहेर कोणतं?"

"वडनेर. पण त्याचं आता काय?"

"मशीन गाव इचारते, काका. बाईले दोन गावं असतात, अन् म्या एकच धरलं. चूक माही हाय."

एवढं बोलून ती कामाला लागली. वडनेरच्या ओळीतला धीरजचा नंबर तिनं काढला आणि माझा टाकला. आता वडनेरचा जो फोन येईल तो माझ्याकडं. आवाज ओळखायला मुलापेक्षा चांगलं कोण, असं तिचं म्हणणं.

फोन वाजला. वडनेरचा एक बुवा, त्याचा जावई हरवला होता. मी मनातल्या मनात दात खाल्ले, पण रोशनीनं स्क्रीनवर बोट ठेवलं होतं, ते वाचून त्याला गाडीची जागा सांगितली. पुन्हा वाजला. दोन शाळकरी पोरी, एक हुंदके देत होती. तिला समजावता समजावता माझाच आवाज शांत झाला. त्यांना जागा नीट दोनदा सांगितली. त्यांचा फोन ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा वाजला.

"हॅलो, वडनेरची गाडी काय?"

"माय, मी रुपेश."

"तू काऊन वडनेरच्या फोनवर?"

ती पाणपोईजवळ बसली होती, एका पोलीस बाईनं तिला केळं दिलं होतं आणि फोनही त्या बाईचाच होता. तिथून हलू नको म्हटलं. रोशनीनं आपल्या फोनवरून बायकोला पाणपोई सांगितली आणि थोड्या वेळात बायकोचा आवाज मला मायच्या हातातल्या त्या फोनमधूनच ऐकू आला. तेव्हा कुठं माझा राग मोकळा झाला.

"वडनेर काऊन सांगून राह्यली होती, माय? आपलं गाव पुलगाव हाय ना?"

"ते तुह्यं गाव, बाबू. मले इथं माह्या बापानं खांद्यावर आणलं होतं, छप्पन साली. इथं आली का माह्यं गाव वडनेरच."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी ते पुसलंही नाही. रोशनी तोवर मशीनचा प्रश्न बदलायच्या मागं लागली होती. गाव कोणतं, याऐवजी कोणासोबत आल्या, असं मशीनला विचारायला लावा, असं तिनं कंपनीतल्या इंजिनिअरांना सांगितलं आणि तक्त्यात प्रमुखांच्या नावांच्या ओळी टाकल्या. गाड्या परत निघायच्या आत ते सुरूही झालं.

यंदा दसऱ्याच्या बऱ्याच आधीपासून ती घरोघर फिरते आहे. गाडीत येणाऱ्या प्रत्येक बाईची दोन्ही गावं विचारून घेते. कोणतंही सांगितलं तरी फोन त्याच गाडीला लागला पाहिजे, असं तिनं ठरवलं आहे. होईल का, हे मी आता विचारत नाही. परवा ती आमच्याकडं आली. बायको भाजी निवडत होती, मी समोरच खुर्चीवर बसलो होतो.

"काकू, तुमचं गाव?"

"हिंगणी," बायको मान वर न करता म्हणाली.

रोशनीनं ते लिहिलं. "अन् दुसरं?"

बायकोचा हात थांबला. माझ्याकडं पाहत ती म्हणाली, "पुलगाव."