जादा चाळीस मिनिटं

गावाचं नाव सांगत नाही. उगाच चौकशी लागायची. नेवाशाच्या जरा पलीकडं, एवढं पुरे. तिथल्या नगरपालिकेत अल्लाबक्ष पिंजारी वॉलमन, म्हणजे गल्लोगल्ली पाणी सोडणारा. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून तीस वर्षं त्यानं गाव पाजलं. कुणाकडं लग्न, कुणाकडं बारसं, कुणाचा दहावा, हे भटजी आणि मौलवींच्या आधी त्याला कळायचं. पत्रिका छापायच्या आधी माणसं त्याच्याकडं येत: "अल्लाबक्षभाई, गुरुवारी तेवढं जरा जास्त." तो मान हलवायचा आणि गुरुवारी चावी उशिरा फिरायची. बदल्यात चहाही घेत नसे. स्वतःच्या पिंजारी गल्लीला मात्र त्यानं कधी बादलीभर जास्तीचं दिलं नाही. 'तळं राखील तो पाणी चाखील' ही म्हण त्याला शिवीसारखी लागायची.

मग पालिकेत यंत्र आलं. व्हॉल्व्ह आपोआप उघडायला लागले, बेलापूरच्या दीपा मॅडम ऑफिसात पडद्यासमोर बसल्या आणि अल्लाबक्षकडं गळती शोधायचं काम तेवढं उरलं. यंत्राचं गणित सरळ होतं. प्रत्येक गल्लीला चाळीस मिनिटं. गल्लीच्या शेवटच्या नळाशी एक डबी बसवलेली; तिथं पाण्याचा दाब कमी दिसला, की बिचाऱ्यांना पाणी पोचलंच नाही असं समजून यंत्र आणखी चाळीस मिनिटं द्यायचं. त्याला लग्न कळत नव्हतं, पण दया येत होती. अल्लाबक्षनं ती आठवड्याभरात हेरली.

ज्या गल्लीत कार्य असेल तिथल्या पुढच्या दहा घरांना तो आदल्या दिवशी सांगून यायचा, "पानी आलं की समदे नळ एकदम सोडा. पिंपं भरून घ्या." पुढच्यांनी पाणी ओढलं की शेवटाला दाब पडायचा आणि यंत्राला गहिवर यायचा. पाच महिने गावातली एकही हळद कोरडी गेली नाही.

पण दीपा मॅडम काही यंत्र नव्हत्या. कुठल्या गल्लीत कोणत्या दिवशी दाब पडला ते त्यांनी कॅलेंडरातल्या लग्नतिथींशी ताडून पाहिलं आणि अल्लाबक्षला बोलावून घेतलं.

"चाचा, तुमच्या वऱ्हाडांपायी टेकडीवरच्या वस्तीला पाणी कमी पडतं. आणखी एकदा असं दिसलं, तर तुमची बदली बागेत. रिटायर होईपर्यंत झाडांना पाणी घाला."

टेकडीचं ऐकून अल्लाबक्ष खरंच शरमला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि आता तीनच आठवड्यांवर त्याच्या मुलीचा, फरहीनचा, निकाह होता. दीडशे माणसांची दावत, स्वयंपाकाच्या मोठ्या देगा धुवायच्या, पाहुण्यांच्या आंघोळी. त्यानं दोन पिंपं उसनी आणली आणि बायकोला बजावलं, "एवढ्यातच भागवायचं." तिनं पिंपांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं, आणि देगा मोजायला बसली. ते त्याला जास्त लागलं.

निकाहच्या दिवशी सकाळी सातला पाणी आलं. सात चाळीसला जायला हवं होतं, गेलं नाही. आठ वाजले तरी नळ धो धो वाहतोय हे पाहून अल्लाबक्षनं आपल्या घरचा नळ घट्ट बंद केला. सव्वाआठला दीपा मॅडमची स्कूटर दारात थांबली.

"म्याडम, पोरीची शपथ. मी कुनाला काय बी बोललो न्हाई!"

"त्याला काय इचारता?" समोरच्या घरातून मनकर्णा पदर खोचत आली. "त्यानं साऱ्या गावाला शिकवलं, आमाला सोडून. आमी दुसऱ्या गल्लीत जाऊन तिथल्या बनुबाईकडनं शिकून आलो. पोरगी आमच्या गल्लीची हाय. बदली करायची तर बावीस घरांची करा."

मॅडमनी गल्लीभर नजर टाकली. दारोदारी पिंपं, हंडे, कळशा काठोकाठ भरलेल्या, आणि बाया त्या उचलून अल्लाबक्षच्या मांडवाकडं निघालेल्या. अल्लाबक्ष उघड्यावर रडायला लागला. त्याला त्याची लाजही वाटली नाही.

"आणि टेकडीवाल्यांनी काय करायचं?" मॅडमचा आवाज अजून कडकच होता.

"उद्या आमाला पानी सोडू नका," मनकर्णा म्हणाली. "आमची पाळी त्यांना द्या. ठरलंय आमचं."

मॅडमनी मोबाईल काढला, पिंजारी गल्लीचं उद्याचं पाणी बंद केलं आणि तेवढं टेकडीच्या नावावर टाकलं. मांडवातली एक खुर्ची ओढून त्या अल्लाबक्षसमोर बसल्या.

"इथून पुढं ज्याला जास्त पाहिजे, त्यानं दुसऱ्या दिवशीची पाळी सोडायची. या महिन्यात कुणाकुणाकडं काय आहे, सांगा बघू."

अल्लाबक्षनं डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. सातव्या घरापाशी मॅडम म्हणाल्या, "सावकाश, चाचा. मला टाईप करू द्या."