फेझरची बॅटरी कोण खातंय?

आधीच हसू नका. सांगतो सगळं, पण माझा चहा संपेपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही. एका भल्या माणसाला मी चारचौघांत चोर ठरवलं होतं. कशावरून? एका चौकोनी बॅटरीवरून!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. दिवसा मी लक्ष्मीपुरीत टायपिंगचा क्लास घ्यायचो आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. इलेक्ट्रिक, बरं का! मुंबईहून तीन पेडलं आणली होती. म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये जोडायची, पायानं दाबायची लोखंडी डबडी. एक वा-वा, ते दाबलं की गिटार भोकाड पसरायची. दुसरं फझ, त्यानं आवाज फुटक्या सायलेन्सरसारखा फाटायचा. आणि तिसरं फेझर, माझं लाडकं! सूर असा गरगरायचा की ऐकणाऱ्याला रंकाळ्यात बुडी मारल्यासारखं वाटावं.

आता यातलं आधी कुठलं आणि मागं कुठलं? या एका प्रश्नावर मी पंधरा दिवस घालवले. फेझर पुढं ठेवलं की फझ त्याचा चिखल करायचं. वा-वा शेवटी ठेवलं तर भोकाडाला धारच येईना. अखेर वा-वा, फझ, फेझर असा क्रम ठरला. रज्जाकभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यांच्याच माळ्यावर आमची प्रॅक्टिस चालायची. त्यांनी जुन्या रेडिओच्या पेटीची फळी कापून दिली. मी तिन्ही पेडलं फळीवर स्क्रू मारून घट्ट बसवली आणि वायरी कायमच्या जोडून टाकल्या. वाजवून झालं की गिटार तेवढी काढायची, वायर फळीवर गुंडाळायची, फळी माळ्यावरच ठेवायची, चाललो! एवढा छाती फुगवून फिरत होतो, विचारू नका.

पहिला कार्यक्रम झोकात झाला. दुसऱ्याला ऐन सोलोत फेझर दाबलं आणि गिटार मुकी! वरचं झाकण उघडून बघतो तर बॅटरी मेलेली. नवी घातली. दहा दिवसांनी तीही गेली. बाकी दोन पेडलं ठणठणीत, मरायचं ते फेझरच. आता मला सांगा, शंका येणार की नाही?

आणि शंका कुणावर? दत्तोबावर! दत्तोबा आमचा अकॉर्डियनवाला, पेशानं शिंपी. मी येण्याआधी सगळे सोलो तोच वाजवायचा. प्रॅक्टिस संपली की रोज म्हणायचा, "तुमी जावा मास्तर, कुलूप मी लावतो." का बरं? एवढं प्रेम कशासाठी? त्यात एकदा चहाच्या वेळी त्यानं खिशातला छोटा ट्रान्झिस्टर उघडला. आत काय होतं? तसलीच चौकोनी बॅटरी! क्रिकेटची कॉमेंट्री तो दिवसदिवस ऐकायचा, तरी त्याचा रेडिओ कधी बंद पडलेला मी पाहिला नव्हता. चालतो कशावर? माझ्या फेझरवर!

मी सापळा लावला. बायकोची लाल टिकली घेतली आणि नव्या बॅटरीच्या बुडाला चिकटवली. आठवड्यानं उघडलं. बॅटरी मेलेली आणि टिकली जागच्या जागी. कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, हिला कुणी हात लावलेला नाही. मी काय म्हणालो? "बघा किती पोचलेला आहे! वापरतो आणि टिकलीसकट परत ठेवतो!"

मग मलकापूरचा कार्यक्रम आला. ऑर्केस्ट्राचे मालक आधीच बजावून बसले होते, "मास्तर, ह्या खेपंला गिटार बंद पडली तर दुसरा माणूस बघीन." संध्याकाळी पडद्यामागं फेझर दाबून बघितलं. टिकली लावलेली नवी बॅटरीही मेलेली! माझं डोकंच फिरलं.

"दत्तोबा, रेडिओ उघड!"

"का वो?"

"उघड म्हणतो ना! माझ्या बॅटऱ्या तू खातोस. खूण केलीय मी, टिकली लावलीय!"

सगळे वादक गोळा झाले. दत्तोबानं खिशातून रेडिओ काढला. मग शांतपणे म्हणाला, "बॅटरीला टिकली? मग हळदीला बलवायचं की आमास्नी!"

जो हशा पिकला म्हणता! त्यानं रेडिओ उघडला. बॅटरी कोरी करकरीत, टिकलीचा मागमूस नाही. मी मान खाली घातली. तेवढ्यात त्यानं ती बॅटरी उपसून माझ्या हातावर ठेवली. मॅच ऐन रंगात आली होती हो! "घ्या, वाजवा. आट दिसांनी द्या परत. पर मास्तर, माज्यावर संशय घ्याला नगं हुता तुमी." हसत नव्हता तो. त्या दिवशी फेझर असं गरगरलं की लोकांनी सोलो पुन्हा वाजवायला लावला. मला मात्र टाळ्या गोड लागल्या नाहीत.

तरी शंका जाते का? दत्तोबा नाही, मग कोण? आता परक्याची बॅटरी सांभाळायची होती. मी फळी घरी नेली, कपाटात ठेवली, किल्ली जानव्याला बांधली. आठ दिवसांनी सगळ्यांसमोर बॅटरी काढली आणि हात जोडून दत्तोबाला दिली. त्यानं रेडिओत घातली. खटका दाबला.

चिडीचूप!

माळ्यावरचे सगळे माझ्याकडं बघायला लागले. मीही माझ्याकडंच बघत होतो. आता संशय घ्यायला उरलंच होतं कोण?

रज्जाकभाईंनी फळी ओढून घेतली, उलटसुलट बघितली आणि फेझरमध्ये खोचलेली वायर बोटानं उचलली. "मास्तर, ही कायम आतच असती व्हय?"

"हो. पक्कं काम आहे."

"अवो, ह्योच त्येचा खटका हाय! वायर आत घातली की डबडं चालू. तुमी झोपताय, कपाटात त्ये जागंच! दुसरी दोन कमी खात्यात, म्हून तगल्यात." त्यांनी स्क्रू काढून फेझर पालथं केलं. बुडावर ठसठशीत इंग्रजीत छापलं होतं: वापर झाल्यावर वायर काढून ठेवा. आणि रोज साठ पोरांना इंग्रजी टायपिंग शिकवणाऱ्या मी नेमकं तेच फळीवर दाबून स्क्रू मारले होते!

दत्तोबाची मी मनापासून माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या वो. वायर काडायची ध्यानात ठेवा म्हंजे झालं."

ठेवली की ध्यानात! पुढचा कार्यक्रम एका शाळेत होता. पहिलं गाणं संपलं, पाहुणे भाषणाला उठले. मी घाईघाईनं वाकून वायर उपसली. अ‍ॅम्प्लिफायर चालूच होता. भॉक्क! पाहुण्यांच्या हातातले कागद उडाले, पुढच्या रांगेतल्या बाई किंचाळल्या, सगळी शाळा स्टेजकडं बघायला लागली.

आणि मी काय केलं असेल? गर्रकन मान वळवली आणि दत्तोबाकडं संशयानं बघितलं!

त्यानं अकॉर्डियनवरचे दोन्ही हात वर केले आणि नुसत्या डोळ्यांनी माझ्या मुठीकडं खूण केली. वायर माझ्याच हातात लोंबत होती.