सावटाची जागा

नवऱ्यानं टाकल्यावर मी माहेरी आले, सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावर. भावानं मला दारातून परत पाठवलं नाही, एवढं त्याचं मानलं पाहिजे. वर माळाच्या कडेला ऐनाच्या तीन झाडांखालचा तुकडाही दिला. "घे तुला. सावटात नाचणी होत नाय तिथं," म्हणाला. पिकावर झाडाची सावली पडली की आम्ही त्याला सावट म्हणतो, आणि असली जमीन आमच्याकडे कुणी फुकटही घेत नाही. मी घेतली. टाकलेल्या बाईला टाकलेली जमीन, सगळ्यांना शोभून दिसलं असेल!

पण मेली ती जमीन टाकाऊ नव्हतीच. आजूबाजूचा माळ दिवाळी सरली की असा कडक व्हायचा की कुदळ उसळून परत यायची. ऐनांखाली मात्र नुसत्या बोटांनी माती उकरता यायची. पानं गळायची, तिथंच कुजायची, आणि मी कुणाला त्यातली काडी उचलू देत नव्हते. तिथं हळद लावली, कडेला सुरण. हळदीला सावली मानवते. कोळूची भाजी तर न लावताच उगवायला लागली, तीही माळावर कुठं दिसायच्या आधी. तिची पहिली जुडी देवापुढं ठेवल्याशिवाय आमच्यात कुणी रानभाजी तोंडात घालत नाही. ती जुडी पाड्यातल्या बाया माझ्याकडून न्यायला लागल्या. मला 'टाकलेली' म्हणायचं त्यांनी सोडलं नाही, पण आता माझ्या पाठीमागं म्हणायच्या. मुरबाडच्या बाजारात हळद विकून माझी साडी, माझं तेल-साबण निघत होतं. भावापुढं हात पसरावा लागत नव्हता. माझं म्हणून जगात तेवढंच होतं.

नाचणीचं रोप जिथं टाकायचं ती जागा आम्ही उन्हाळ्यात भाजतो. शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या म्हणजे कवळ, वर सुका पातेरा, असं पसरून पेटवतो. हा राब. तो नसला तर रोपापेक्षा तणच माजतं. कवळ तोडायला भाऊ रानात जायचा. गेल्या वर्षी रानात कोयता लावायला बंदी आली, आणि तो माझ्या ऐनांवर चढला.

मी खाली उभी. "शेंडा ठेव रे दादा. एकाचा तरी ठेव."

"कवळ पुरत नाय, आन तुला शेंडा पायजे!"

"बियाणं हाय माझं खाली."

"हळदीचं काय घेऊन बसलीस गो? नाचणी नाय झाली तर खायचं काय? तू पन तीच खातेस ना?"

शेंडा राखायची बापजाद्यांची रीत त्या दिवशी मोडली. तिन्ही ऐन बोडके उभे राहिले. मागून वहिनी टोपली घेऊन आली आणि खालचा पातेरा खराट्यानं झाडून घेऊन गेली. खराट्यानं! मी तिला नाही नाही ते बोलले. ती म्हणाली, "आमी काय हौसेनं नेतोय का?"

पुढच्या लावणीचं बियाणं मी तिथंच खड्ड्यात, पानांखाली ठेवत असे. आता त्यावर दिवसभर ऊन. खालच्या विहिरीवरून रोज हंडा आणून शिंपडायचे. माती पाणी प्यायची आणि बघता बघता पुन्हा पांढरी पडायची. जुनी साडी अंथरली. वर गवत टाकलं, ते गुरांनी खाल्लं. विहीर तळाला गेली तेव्हा वहिनीनं माझा हंडा धरला. "माणसांना नाय, आन तुझ्या हळदीला?" तेही बरोबर. सगळ्यांचंच बरोबर होतं, आणि वाटोळं तेवढं माझं होत होतं. शेवटी खड्डा उकरला. हळकुंडं सुरकुतून हलकी झाली होती, एकालाही कोंब नव्हता. तिथंच बसून मी गळा काढून रडले. नवऱ्यानं टाकलं तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते.

पाऊस लागला. मी मनाला समजावत होते, ऐनांना फूट येईल, बियाणं कुणाकडून तरी मागून आणीन. तेवढ्यात भाऊ बैल घेऊन वर आला.

"इथं कशाला नांगर?"

"सावट गेलं ना आता. ऊन पडतंय. चांगली नाचणी होईल."

"झाडं भरतील रे परत."

"भरू कशाला देऊ? दरसाल कवळ इथलंच तोडायचं."

"मग माझी जागा?"

"सावट होतं म्हणून दिलेली गो." रागानं नाही, लहान पोरीला समजावल्यासारखं म्हणाला.

रोप लावायला सगळ्यांबरोबर मीही वाकले. इतक्या वर्षांच्या पानांची ती काळी, भुसभुशीत माती मुठीत घेऊन भाऊ वहिनीला दाखवत होता, "बघ, कशी निघाली जमीन!" मला त्याच्या हातातून ती हिसकावून घ्यावीशी वाटली.

नाचणी अशी आली की पाड्यातली माणसं बघायला आली. तिची पहिली भाकरी वहिनीनं माझ्याच ताटात वाढली. मी खाल्ली. दुसरं काय खाणार होते?